देवीचा उजवा

आत्याबाई,

मंगळवारी मी वन्संना घेऊन तुळजापूरला जाऊन आले. आल्यापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे आणि तुम्ही जाऊन तर कितीतरी वर्षं झाली, म्हणून कागद घेऊन बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि यातलं निम्मं मी वाचून दाखवलं नसतं. तुम्ही त्यावर म्हणाला असतात, "मास्तरणी, काय खाल्लंस मधलं?" तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण कुणी बोलता बोलता काही गिळलं की तुम्हाला बरोबर कळायचं.

आधी तुमच्या लेकीचं सांगते. बरी आहे. आमच्याकडे धाराशिवलाच असते, केस पांढरे झालेत, माझ्यापेक्षा चांगल्या भाकरी थापते, संध्याकाळी गच्चीवर बसून शेजारणींशी गप्पा मारते. पण दिवाळीनंतर एकदा मी बाहेरच्या खोलीत आले तर ती भिंतीला चिकटून उभी होती आणि भिंतीवरून तळवा फिरवत होती. सिमेंटची, रंग दिलेली भिंत. मी विचारलं, "वन्सं, काय झालं?" तर म्हणाली, "काय न्हाय वैनी, भेग हाय का बघत होते." भेग नव्हती. तिचं पहिलं दुखणं कसं सुरू झालं होतं ते पाहिलेली, तुमचा मुलगाही गेल्यावर, आता मी एकटीच उरले आहे.

आपल्या ईट गावच्या घरातली ती स्वयंपाकघराची भिंत आठवते? मी नुकतीच लग्न होऊन आले होते आणि हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले होते. वन्सं सासरहून वर्षाच्या आतच परत आल्या. कुणी घालवून दिलं नव्हतं, स्वतःच गाडीत बसून आल्या आणि आल्या त्या दिवसापासून भिंत सारवायला बसल्या. सकाळी सारवलेली भिंत दुपारी पुन्हा. माती संपली की ओढ्याकाठून पांढरी माती आणायच्या, ती संपली की शेण. भिंतीतून माणसं बोलतात, म्हणायच्या, भोकं बुजवली की आवाज थांबेल. बोटांची सालं निघाली तरी हात थांबत नव्हता. जेवायला बोलावलं तर डोळे वर करून म्हणायच्या, "थोडं ऱ्हायलंय." तुम्ही त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर भिंत सारवायचात. मला तेव्हा तुमचा राग यायचा. रोग्याचं असं ऐकायचं नसतं, त्याला समजावून सांगायचं असतं, असं मला वाटायचं. समजावून सांगायला काय, मी सांगितलंच होतं. भिंत म्हणजे माती, मातीत आवाज नसतो. वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला गप्प बसायची खूण केली, कारण माझ्या बोलण्यामुळे त्यांना भिंतीतलं नीट ऐकू येईना.

मग गाव धावून आलं. आपल्या लोकांत माणूस बिघडला की लपवायची रीत नव्हती. मेंढरू आजारी पडल्यावर जसे चार जण ओट्यावर येऊन बसतात तसे बसायचे आणि तिच्यासमोरच बोलायचे. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं सासरच्यांनी काही खायला घातलं. देवर्षी आला. त्यानं भंडारा उधळला, ढोल वाजवायला लावला, तिथवर मी दात आवळून सहन केलं. मग त्यानं निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या आणि वन्संचं डोकं धरून त्यावर वाकवलं. तुम्ही पुढं होऊन निखाऱ्याचं खापर लाथेनं उलटं केलंत आणि म्हणालात, "पोर हाय ती माजी, मिरचीचा ठेचा न्हाय." तो चिडून गेला, आणि जाताना देवाचा कोप होईल म्हणाला. त्या माणसाचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. जायचं कारणही नाही.

दर्ग्याचं मात्र मी तुमच्याशी उगाच भांडले. शेजारच्या चाचीचा भाऊ असाच आजारी होता. ती त्याला दर गुरुवारी दर्ग्यात नेऊन बसवायची. तिनंच तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही वन्संना घेऊन तिच्याबरोबर जायला लागलात. एका गुरुवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी बघायला आले. लोबानाचा धूर होता, जाळीला दोरे बांधलेले होते, आणि अंगणात लिंबाखाली माणसं नुसती बसली होती. एक बाई स्वतःशी हसत होती, एक म्हातारा पुढं-मागं डोलत होता, आणि वन्सं मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. हात स्थिर. मी तुम्हाला जरा मोठ्यानं म्हणाले, की यानं काय होणार आहे, डॉक्टरकडे न्यायला हवं. चाचीनं मला तिथंच दाबलं. "नक्को चिल्लाव उसके सामने," ती म्हणाली, आणि मग मराठीत, हसत, "मास्तरणी, तुझ्या शाळंत पोरं बसत न्हाईत म्हणतीस ना? हितं बघ, आमची कशी बसल्यात." तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. बऱ्याच दिवसांनी हसला होतात.

पण दर्ग्यातून घरी आलं की भिंत होतीच. पावसाळ्यात वन्सं जेवेनाशा झाल्या, हाडं दिसायला लागली. तुमच्या मुलानं सोलापूरच्या डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा थोरल्या मामंजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तुमचे थोरले दीर, घरचे कर्ते ते. तुमच्या मालकांच्या मागं त्यांचाच शब्द चालायचा. "येड्याच्या दवाखान्यात पोर गेली म्हणल्यावर तिला कोण नांदवील? आन धाकट्या पोरींना कोण मागणं घालील?" मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "सूनबाई, तुमची बुकं शाळंत." मग त्यांनीच तोड काढली. देवीला विचारा. देवीनं उजवा दिला तर न्या, मी आडवा येणार न्हाय. डावा दिला तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. तुम्ही मान हलवलीत. मी रात्री तुमच्या मुलाला म्हणाले, एका दगडावर माणसाचा जीव टांगलाय तुम्ही लोकांनी.

तो दगड तुम्ही मला लग्नानंतरच्या पहिल्याच वारीत दाखवला होता. देवळाच्या मागच्या अंगाला, गुळगुळीत, गोल. मनात प्रश्न धरायचा आणि दोन्ही तळवे त्यावर हलके ठेवायचे. उजवीकडे फिरला तर देवी हो म्हणते, डावीकडे फिरला तर नाही, आणि हललाच नाही तर काम लांबणीवर. मी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, तळव्याचा भार ज्या अंगाला जास्त तिकडे फिरणार, यात काय. आजही माझं तेच मत आहे.

त्या दिवशी तुमचा मुलगा वन्संना घेऊन पायऱ्यांवर बसून राहिला, कारण त्या देवळाच्या भिंतीला हात लावायला लागल्या होत्या. थोरले मामंजी आले नव्हते. म्हणजे दगडाजवळ आपण दोघीच. तुम्ही कपाळाला भंडारा लावलेला, अंगावर तुमचं ते जुनं लुगडं. तुम्ही बसता, तळवे ठेवता, डोळे मिटता. तुमचे ओठ हलतात आणि मला दिसतं, की तुमचे हात अगदी मोकळे आहेत. तुम्ही खरंच विचारताय. मी तुमच्या जागी असते तर उजव्या हाताला थोडा जोर दिला असता. तुम्ही दिला नाहीत. दगड डावीकडे फिरला. हळू नाही, चांगला पाव फेरा फिरला. तुम्ही डोळे उघडून दगडाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"दिसलं?"

"हो."

"काय दिसलं?"

तुम्ही गुडघ्यावर हात देऊन उठलात, दगडाला नाही, देवळाच्या कळसाला हात जोडलेत आणि म्हणालात, "उजवा दिलाय. चल." पायऱ्यांवर येऊन मुलालाही तेच सांगितलंत, लेकीच्या तोंडावरून हात फिरवून तिलाही. "देवीनं उजवा दिलाय, माय. म्हणली, डाक्टरकडं ने." ईटला परत न जाता आपण तिथूनच सोलापूरच्या गाडीत बसलो. तुम्ही खिडकीशी बसलात आणि सोलापूर येईपर्यंत डोळे मिटून घेतलेत. देवीच्या दारात तुम्ही देवीच्या नावानं खोटं बोलला होतात, आणि मला तर पाहिजे तेच झालं होतं.

डॉक्टरांच्या बाहेरचा तो लांब बाक अजून डोळ्यासमोर आहे. विडी-कारखान्यातल्या एका बाईच्या गळ्यात काळा दोरा, एका पोराच्या दंडावर ताईत, एका तेलुगू म्हातारीच्या कपाळावर राख, कोपऱ्यात इस्त्रीच्या कपड्यातला एक कारकून, तोंड भिंतीकडे करून, कुणी ओळखू नये म्हणून. आणि आपण, भंडाऱ्यानं पिवळे. मला वाटलं होतं डॉक्टर तुम्हाला झापतील. त्यांनी विचारलं, "बाई, आधी कुठं कुठं दाखवलं?" तुम्ही सगळं सांगितलंत, मिरच्यांसकट. दर्ग्याचं ऐकून ते थांबले. "तिथं बरं वाटत होतं का तिला?" तुम्ही म्हणालात, "तिथं वरडत न्हाईत, डाक्टर. बसू देत्यात." त्यांनी ते लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही, पण मान मात्र बराच वेळ हलवली. निघताना म्हणाले, दोरा-ताईत काही काढू नका, दर्ग्यात जायचं तर जा, फक्त गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, आणि मिरचीवाला पुन्हा दारात उभा करायचा नाही.

गोळी वन्सं घेत नव्हत्या. गोळीतून भिंतीतली माणसं पोटात जातील, असं म्हणायच्या. मग रोज सकाळी चुलीपुढं ते चालायचं: मी परातीत पीठ मळतेय, तव्यावर पहिली भाकरी फुगलीय, तुम्ही वन्संना समोर बसवून कपाळाला कुंकू लावता आणि तळव्यावर गोळी ठेवून म्हणता, "देवीनं उजवा दिलाय. गीळ." आणि त्या गिळायच्या. रोज. हळूहळू भिंत सारवणं रोजचं चार दिवसांवर गेलं, मग सणासुदीवर. एकदा, त्यांना बरंच बरं वाटायला लागल्यावर, मी त्यांना सांगायला लागले की वन्सं, हा गोळीचा गुण आहे, देवीचा नाही, म्हणजे तुम्ही ती का घ्यायची ते नीट समजून घ्या. तुम्ही भाकरी उलटता उलटता, माझ्याकडं न बघता बोललात. "मास्तरणी, तुझं खरं तुझ्यापाशी ठेव. तिला जे घेऊन गिळता येतंय, ते घेऊन गिळू दे." आवाज चढवला नव्हतात. मी त्यानंतर तो विषय काढला नाही.

मला वाटलं होतं, दगडानं दिलेला तो डावा तुम्ही विसरलात. मग पुढच्या पौर्णिमेला आपण सगळे तुळजापूरला गेलो आणि महाद्वारापाशी तुम्ही चपला गोळा करून भिंतीच्या कडेला बसलात. "तुम्ही जाऊन या. माझे गुडघे धरल्यात, पायऱ्या व्हायच्या न्हाईत." त्याच आठवड्यात मी तुम्हाला डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन बांध चढताना पाहिलं होतं. पुढच्या वारीला तेच, त्याच्या पुढच्या नवरात्रात तेच. तुम्ही तुळजापूरला येणं कधी चुकवलं नाही आणि देवळात पाऊल कधी ठेवलं नाही. बाहेरूनच उंबऱ्याच्या दिशेनं डोकं टेकायचात. सगळ्यांना वाटायचं, म्हातारीला आता होत नाही. ज्या देवीसाठी तुम्ही मंगळवार-शुक्रवार तोंडात पाणी घेत नव्हतात, जिचं तोंड पाहिल्याशिवाय तुमचं वर्ष सुरू व्हायचं नाही, तिच्यासमोर जायचं तुम्ही स्वतःहून बंद केलंत. तुमच्या शेवटच्या वारीत मी म्हणाले, "चला आत्याबाई, मी हात धरते, सावकाश उतरू." तुम्ही माझ्याकडं नीट पाहिलंत. "तुला ठावं हाय. कशाला इचारतीस?" एवढंच. बस.

मला तुम्हाला तेव्हा सांगता आलं असतं, की दगड दगड असतो, त्यानं तुम्हाला काही नाही म्हटलेलं नव्हतं, आणि तुम्ही कुणाचं काही मोडलेलं नाही. पण मी ते बोलले असते तर तुम्ही लेकीसाठी जे सोडलं होतंत त्याची किंमत मी शून्य करून टाकली असती. म्हणून चपलांची पिशवी तुमच्याजवळ दिली आणि पायऱ्या उतरले.

आता इकडचं ऐका. आमची कॉलनी नोकरदारांची. इथं कुणी ओट्यावर येऊन बसत नाही. समोरच्या बंगल्यातला मुलगा वर्षभर दिसला नाही. कोर्सला पुण्याला गेलाय, असं सांगायचे. परत आला तेव्हा त्याचे हात गोळ्यांनी थरथरत होते, वन्संनी गच्चीवरून पाहूनच ओळखलं. मागच्या गल्लीतल्या बाई झोपेच्या गोळीला बीपीची गोळी म्हणतात. आणि सगळ्यांच्या फोनवर कुणी ना कुणी सांगत असतं, की मन घट्ट करा, श्वासाकडं लक्ष द्या, गोळ्या म्हणजे विष. शिकलेल्या बायका ते ऐकतात आणि पुढं पाठवतात. गच्चीवर कुणीतरी वन्संना म्हणालं, "अहो, इतकी वर्षं गोळी? आता ठणठणीत आहात की. सोडून बघा." एकदा, तुम्ही गेलात त्या वर्षी, त्यांनी सोडून पाहिली होती. ते दिवस मी लिहिणार नाही. पण त्या विसरल्यात. मी त्यांना इथल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं, चांगलं सांगितलं. वन्संनी हात जोडले, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्यांचं खरं हाय वैनी. पर सुरू करताना देवीला इचारलं होतं, मग बंद करताना बी तिलाच इचारते. मंगळवारी जाऊ." आणि घरी आल्यावर पुन्हा भिंतीजवळ.

मी झोपले नाही, असं काही लिहीत नाही, मी झोपते. पण गाडीत बसेपर्यंत मला काही सुचलं नव्हतं. तुळजापूरच्या स्टँडवरून देवळाकडं चालत येताना, त्या कुंकवाच्या ढिगांच्या दुकानांपाशी वन्सं थांबल्या. माझा हात धरला. तुमचेच हात आहेत त्यांचे, रुंद.

"वैनी, आई तर गेली. दगडापाशी तुमी होता. खोटं बोलायची तुमाला सवय न्हाय. खरं सांगा, तवा उजवाच दिला होता ना?"

मागून माणसं ढकलत होती. दुकानदार "आई, ओटी घ्या, ओटी" म्हणत होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "उजवाच दिला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चांगला पाव फेरा फिरला."

"मग आता इचारू का नगं?"

"एकदा दिलेलं परत विचारायचं नसतं. तिला राग येतो."

हे मी बोलले, आत्याबाई. सबंध नोकरीत मुलांना ज्याच्यावरून उठाबशा काढायला लावल्या, ते मी भर रस्त्यात बोलले, आणि वर देवीच्या रागाची भर घातली, जी तुम्ही घातली नव्हतीत. वन्संचा चेहरा सैल झाला. त्यांनी ओटी घेतली. आपण महाद्वारापाशी आलो असं लिहिणार होते. आम्ही दोघी आलो. चपला काढल्या. वन्सं पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या, "चला की."

मी दरवर्षी आत जाते. विश्वास म्हणून नाही. घरच्यांबरोबर जायचं, हात जोडायचे, रांगेतून बाहेर यायचं. त्यात मला कधी काही जड गेलं नाही, हलकंही वाटलं नाही. मंगळवारी माझा पाय पुढं पडेना. "तुम्ही जाऊन या," मी म्हणाले. "माझे गुडघे धरलेत."

माझे गुडघे उत्तम आहेत. त्याच्या आदल्या दिवशी मी डाळीचं पातेलं घेऊन गच्चीचा जिना चढले होते.

त्या गेल्या. मी चपला घेऊन भिंतीच्या कडेला बसले, तुम्ही बसायचात तिथं. आत गेल्यावर त्या दगडाकडं वळतात की काय, ही धास्ती होतीच, आणि मला उठून बघायला जाता येत नव्हतं. बऱ्याच वेळानं वन्सं वर आल्या, कपाळभर कुंकू, धापा टाकत. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "न्हाय इचारलं. लांबनं हात जोडले." मग पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्याकडं पाणी मागितलं.

हे पत्र मी घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवणार आहे, पाठवायला ठिकाण नाही. पुढच्या पौर्णिमेला वन्सं पुन्हा जाऊ म्हणतात. मी येईन म्हणाले आहे. आत जाईन का, ते मला सांगता येत नाही, आणि का जाता येत नाही हे मी कुणाला समजावूनही सांगू शकणार नाही. एक मात्र बसल्यावर कळलं. त्या भिंतीला दुपारी सावली नसते. इतक्या वर्षांत तुम्ही कधी म्हणाला नाहीत, की तिथं ऊन लागतं.